वर्षाच्या मुदतीची शिंगे

यंदाच्या अंकाचे सूत्र ‘ऋतुचक्र’ असे ठरले आहे, तेव्हा त्यावर काही पाहून आणि हिंडून लिहावे, असे संपादकांचे पत्र आले. पाऊस, पेरणी, आंब्याचा मोहोर आणि शरदाचे चांदणे यांविषयी आपल्या वाङ्मयात उदंड लिहिले गेले असल्यामुळे, ज्या प्राण्याच्या मस्तकावरच ऋतू उगवतो, पिकतो आणि गळून पडतो, त्याच्याकडे जावे, असे माझ्या मनाने घेतले. हा अंक वाचकांच्या हाती पडेल त्या सुमारास स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यासमोरील रम नावाच्या बेटावर तांबड्या हरणांचा माजाचा हंगाम ओसरत आलेला असेल. महिनाभर अन्नाला जवळजवळ न शिवलेले आणि बसलेल्या आवाजाचे नर माद्यांचे कळप सोडून आपापल्या हिवाळी चराईकडे निघालेले असतील. ज्या शिंगांच्या बळावर त्यांनी हा महिना गाजविला, ती वसंतापर्यंत त्यांच्या डोक्यावर राहतील आणि मग पडतील.

रमला जाण्यासाठी मॅलेग या मासेमारीच्या बंदरातून बोट धरावी लागते. बेट सुमारे साडेदहा हजार हेक्टरांचे आणि वस्ती जेमतेम काही डझन माणसांची, तीही पूर्वेच्या किनलॉक येथील खाडीकाठी एकवटलेली. उरलेले सारे बेट म्हणजे काळे डोंगर, पाणथळ माळ, तपकिरी गवत आणि अखंड वारा. या निर्जनतेला मी प्रथमदर्शनी निसर्गाची देणगी समजावी, असेच ते दृश्य होते. परंतु ती माणसाने घडविलेली आहे. १८२६ साली येथील सुमारे ३०० गेलिकभाषक रहिवाशांना जहाजांत घालून नोव्हा स्कोशियाला धाडण्यात आले आणि त्यांच्या शेतांवर मेंढ्या सोडण्यात आल्या. तांबडी हरणे तर त्याआधीच, अठराव्या शतकात, बेटावरून नाहीशी झाली होती. १८४५ नंतर, बेट एका सरदाराच्या मालकीचे झाल्यावर, ती शिकारीसाठी पुन्हा बाहेरून आणण्यात आली. पुढे लँकेशायरच्या एका कारखानदार घराण्याने बेट घेतले आणि त्या घराण्यातील जॉर्ज बुलो याने शतकाच्या अखेरीस किनलॉक येथे लाल दगडाचा एक वाडा उठविला; त्याच्या भिंतींवर हरणांची मस्तके आजही टांगलेली आहेत. १९५७ साली सरकारच्या निसर्गसंरक्षण खात्याने बेट विकत घेतले, आणि शिकारीसाठी आणलेल्या जनावरांच्या वंशजांना एक नवे, अधिक चिवट कुतूहल लाभले.

किलमोरीचे दप्तर

किनलॉकपासून एक खडबडीत रस्ता डोंगरांच्या कुशीतून उत्तरेकडे किलमोरी नावाच्या खोऱ्यात उतरतो. पांढऱ्या वाळूचा किनारा, त्यामागे समुद्राने आणलेल्या शिंपल्यांच्या चुऱ्याने सकस झालेली हिरवी कुरणे, मधून वाहणारा ओढा आणि एके काळी वाड्याचे कपडे धुण्यासाठी बांधलेली परीटखान्याची इमारत, एवढाच त्या खोऱ्याचा सरंजाम. परंतु वन्य सस्तन प्राण्यांच्या जीवनाविषयी जगात जी थोडी दीर्घ आणि अखंड दप्तरे ठेवली गेली आहेत, त्यांपैकी एक येथले आहे. टिम क्लटन-ब्रॉक, फिओना गिनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभापासून येथील प्रत्येक हरीण स्वतंत्र व्यक्ती म्हणून ओळखण्याचा पायंडा पाडला, आणि पुढे जोसेफिन पेम्बर्टन यांच्यासारख्या आनुवंशिकीच्या अभ्यासकांनी त्या नोंदींना रक्ताच्या नात्यांची जोड दिली. पाडस जन्मले की ते गवतात दडून असतानाच त्याचे वजन होते आणि त्याला खूण बांधली जाते. तेथून त्याच्या मृत्यूपर्यंत, ते कोणाबरोबर चरले, कोणाशी झुंजले, कधी व्याले, हे सारे वहीत उतरते.

या दप्तरात शिंगांचे एक स्वतंत्र खाते आहे. वसंतात गळालेली शिंगे माळावरून शोधून आणली जातात, ती कोणाची हे त्यांच्या वळणावरून आणि टोकांच्या ठेवणीवरून ओळखले जाते, त्यांचे वजन घेतले जाते. नराच्या डोक्यावर दरसाल नवी शिंगे येतात खरी, पण त्यांचा घाट बहुधा तोच राहतो, त्यामुळे सरावलेल्या डोळ्याला मालकाचा पत्ता लागतो. एखाद्या नराचा सांगाडा कधीच सापडला नाही तरी त्याने वर्षावर्षाला सोडलेल्या शिंगांमधून त्याचे आनुवंशिक द्रव्य मिळते, आणि खोऱ्यातल्या कोणत्या पाडसांचा पिता तो होता, हे त्याच्या पश्चात ठरविता येते.

गळण्याची क्रिया

गाय, शेळी किंवा आपल्या माळरानावरचा काळवीट यांचे शिंग म्हणजे हाडाच्या गाभ्यावर चढलेले नखासारख्या द्रव्याचे कवच. ते जन्मभर वाढते, गळत नाही. हरणांचे शिंग सर्वस्वी निराळे. ते संपूर्ण हाड असते, तांबड्या हरणांत ते केवळ नरालाच येते, कपाळाच्या हाडावरील एका खुंटावर ते उगवते, आणि त्याची मुदत एका वर्षाची असते.

एप्रिलमध्ये किलमोरीच्या कुरणावर नरांची एक टोळी चरताना मी पाहिली. सकाळी दोन्ही शिंगे मिरविणाऱ्या एका वयस्क नराचे डावे शिंग दुपारपर्यंत कोठेतरी पडले होते, आणि एकाच कडेवर घागर घेऊन चालणाऱ्या बाईने अंग कलते ठेवावे तसे तो मस्तक एका अंगाला धरून चालत होता. पडलेल्या जागी ताज्या, लालसर खुंटाचे वर्तुळ दुर्बिणीतून स्पष्ट दिसत होते. दुसरे शिंग काही तासांत किंवा फार तर काही दिवसांत जाते. जखमेला रक्त थोडेच येते, लवकरच तीवर खपली धरते, आणि आश्चर्य असे की त्या खपलीखाली त्याच आठवड्यात नव्या शिंगाची तयारी सुरू होते; विश्रांतीचा काळ असा जवळजवळ नसतोच.

हे घडते कसे? शरदात नराच्या अंगात टेस्टोस्टेरोन या पुंस्रावाचे प्रमाण शिगेला पोहोचलेले असते. हिवाळ्यात ते उतरत जाते, आणि वसंतात ते एका मर्यादेखाली गेले की शिंग आणि खुंट यांच्या सांध्यावर हाड विरघळविणाऱ्या पेशी कामाला लागतात. कालपर्यंत दोन नरांच्या सगळ्या भाराने न तुटणारे ते हाड त्या एका पातळ रेषेवर आतून पोखरले जाते आणि झुडपाच्या धक्क्याने किंवा आपल्याच वजनाने निखळते. पुंस्रावावर हा सगळा व्यवहार किती अवलंबून आहे, हे खच्ची केलेल्या नरांवरून दिसते: कठीण शिंगे असताना खच्ची केले तर ती थोड्याच आठवड्यांत गळून पडतात, आणि वाढती शिंगे असताना केले तर त्यांवरची मखमल पुढे कधीच उतरत नाही.

गळण्याचा क्रमही पाहण्यासारखा असतो. प्रथम पडतात ती प्रौढ आणि प्रबळ नरांची, मार्चअखेर ते एप्रिलमध्ये. कोवळ्या नरांची मे महिन्यापर्यंत टिकतात. त्यामुळे टोळीच्या राज्यकारभारात दर वसंतात एक विलक्षण उलथापालथ होते. सबंध हिवाळा ज्याच्या एका नजरेने इतरांनी चांगले गवत सोडून बाजूला व्हावे, तो मातबर नर एके दिवशी निःशस्त्र होतो, आणि पोरसवदा नर, ज्यांची काटकुळी शिंगे अद्याप शाबूत आहेत, ते त्याला ढोसून हुसकावू लागतात. जेराल्ड लिंकन या शरीरशास्त्रज्ञाने रमवरच केलेल्या अभ्यासात असे दिसले की शिंग गेले की दर्जा घसरतो. देह तोच, वय तेच, अनुभव तोच, परंतु अंमल शिंगाचा होता. मग काही आठवडे वाद मिटविण्याची रीतच बदलते: मखमलीतील नाजूक शिंगांना धक्का लागू नये म्हणून नर मागच्या पायांवर उभे राहतात आणि पुढच्या खुरांनी एकमेकांवर प्रहार करतात, जसे माद्या वर्षभर करतात.

मखमलीखालचे हाड

उगवत्या शिंगावर बारीक लव असलेली कातडी असते आणि तिच्याखाली रक्तवाहिन्यांचे दाट जाळे. त्या जाळ्यातून आलेल्या द्रव्यावर टोकाकडून कूर्चा वाढत जाते आणि मागाहून तिचे हाड होत जाते. सस्तन प्राण्यांच्या प्रौढ देहात इतक्या वेगाने वाढणारा दुसरा अवयव सापडणे कठीण. भर उन्हाळ्यात दिवसाला एक ते दोन सेंटिमीटर वाढ होऊ शकते. तीन-चार महिन्यांत हे सारे उभे करायचे, तर चुना आणि स्फुरद कोठून आणायचे? रमचे गवत एवढे सकस नाही. तेव्हा नर ते आपल्याच सांगाड्यातून उचलतो. उन्हाळ्यात त्याच्या बरगड्या विरळ आणि ठिसूळ होतात, आणि शिंगे पुरी झाल्यावर, सावकाशीने, चराईतून त्या पुन्हा भरून निघतात. डोक्यावरचे वैभव उभारण्यासाठी छातीच्या हाडांकडून काढलेली ही तगाई दरसाल घेतली जाते आणि दरसाल फेडली जाते, आणि यात तसूभर अतिशयोक्ती नाही.

क्षारांची ही भूक बेटावर इतर रूपांनीही प्रकट होते. माळावर पडलेली शिंगे हरणे स्वतःच चघळतात. मीही असे एक शिंग पाहिले, ज्याची टोके कुरतडून गोल झाली होती. याहून चकित करणारी गोष्ट डोंगरमाथ्यावरची. रमच्या शिखरांवर मँक्स शिअरवॉटर या समुद्रपक्ष्यांची जगातील मोठ्या वसाहतींपैकी एक आहे. ते जमिनीत बिळे करून अंडी घालतात. तेथे चरणारी हरणे बिळाबाहेर आलेल्या पिलांचे मस्तक किंवा पाय चावून खातात, असे पक्षिशास्त्रज्ञ रॉबर्ट फर्नेस यांनी १९८०च्या दशकात नोंदविले. तृणभक्षक म्हणून ज्याला आपण शाळेत शिकलो, तो प्राणी हाडांसाठी पक्ष्याच्या पिलाकडे वळतो, यावरून शिंगांच्या मागणीचा जोर ध्यानात यावा.

आणि या सगळ्याला वेळेचा हुकूम देणारा कोण? सूर्यप्रकाश. रम ५७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे जूनमध्ये दिवस सुमारे १८ तासांचा आणि डिसेंबरात सात तासांहून कमी असतो. दिवस वाढू किंवा घटू लागले की मेंदूतील ग्रंथी ते जोखतात आणि त्यांच्या द्वारे वृषणांना आज्ञा जाते. अमेरिकेतील शास्त्रज्ञ रिचर्ड गॉस यांनी १९६०च्या दशकात सिका जातीच्या हरणांना कृत्रिम प्रकाशात ठेवून दिवसांचे चक्र वेगाने फिरविले, तर त्या हरणांनी एका वर्षात अनेकदा शिंगे बदलली. आणि बारा तास उजेड व बारा तास अंधार असा कायम समतोल ठेवला, तेव्हा त्यांना शिंगे केव्हा टाकावीत याचा ठावच लागेना. स्कॉटलंडहून आणि इंग्लंडहून न्यूझीलंडला नेलेल्या तांबड्या हरणांनीही दक्षिण गोलार्धातील सूर्यानुसार आपले वर्ष सहा महिन्यांनी फिरवून घेतले.

विषुववृत्ताजवळचे आप्त

येथे आपल्या रानांची आठवण होणे अपरिहार्य आहे. विदर्भाच्या जंगलात हिंडलेल्या कोणालाही ठाऊक आहे की चितळांच्या कळपात एकाच दिवशी एका नराची शिंगे कठीण, दुसऱ्याची मखमलीत आणि तिसऱ्याचे मस्तक रिते असे दिसू शकते. चितळाचा नर जणू आपले वर्ष स्वतःपुरते मोजतो. सांबरांत उन्हाळ्यात शिंगे गळण्याचा कल अधिक स्पष्ट असतो, तरी रमसारखी एकाच हंगामाची सर्वांना लागू असलेली शिस्त तेथे नाही. कारण उघड आहे. आपल्याकडे दिवसरात्रीच्या मानात थोडाच फरक पडतो, आणि पाडसाला जगविण्याइतका चारा वर्षातून अनेक महिने असतो. रमवर मात्र जूनच्या आगेमागे जन्मलेल्या पाडसालाच हिवाळ्यापूर्वी पुरेसे दूध आणि गवत मिळते. मादीचा गर्भकाल सुमारे २३५ दिवसांचा, म्हणून माज ऑक्टोबरातच यावा लागतो, म्हणून शिंगे ऑगस्टअखेर तयार हवीत, म्हणून ती एप्रिलमध्ये गळलीच पाहिजेत. सारे वर्ष एका पाडसाच्या जन्मतिथीपासून उलटे मोजलेले आहे.

साबरशिंग सहाणेवर उगाळून दुखऱ्या छातीला किंवा पाठीला लावण्याचा प्रघात आपल्या जुन्या घरांतून होता, आणि फडताळातला तो तुकडा रानात पडलेल्या अशाच शिंगाचा असे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आता ते शिंग सरकारी मालमत्ता ठरले आहे, आणि रानातून उचलणे हा गुन्हा आहे. हे मला योग्य वाटते. कारण गळालेले आणि मारून काढलेले यांतला फरक बाजारात कोणी विचारीत नाही.

शरदातली गर्जना

जुलैअखेरपासून शिंगांचा रक्तपुरवठा थांबतो, मखमल वाळते, आणि नर झुडपांवर व दगडांवर मस्तक घासून ती लक्तरे काढून टाकतात. सप्टेंबरच्या मध्याला, उन्हाळाभर एकत्र नांदलेल्या टोळ्या फुटतात. मान जाड होते, तीवर आयाळ येते, अंग चिखलात लोळून काळे होते. मग एके दिवशी नर आपली चराई सोडून माद्यांच्या कुरणांकडे चालू लागतो.

ऑक्टोबरातले किलमोरी एप्रिलच्या खोऱ्याहून इतके भिन्न होते की ते दुसरेच स्थळ वाटावे. चारही बाजूंच्या उतारांवरून, दिवसा आणि रात्रीही, तो खर्जातला, लांबलचक, शेवटी तुटक हुंकारांत संपणारा आवाज उठत होता. कळप राखणारा नर सरासरीने मिनिटाला दोनदा गर्जतो आणि प्रतिस्पर्धी सामोरा आला की कितीतरी अधिक. गर्जताना तो मान ताणतो आणि त्याचा कंठ गळ्यातून खाली, छातीच्या हाडाकडे ओढला जातो. त्यामुळे ध्वनीची नळी लांबते आणि आवाज अधिक मोठ्या देहाचा भासतो. क्लटन-ब्रॉक आणि स्टीव्ह ऑल्बन यांनी १९७९ साली दाखविले की या गर्जना म्हणजे बळाची खरीखुरी परीक्षा असते: सतत आणि वेगाने गर्जणे हे थकलेल्या नराला जमत नाही, म्हणून तिच्यावरून प्रतिपक्ष अंदाज बांधतो आणि बहुसंख्य वाद तेथेच मिटतात. न्यूझीलंडमधल्या पाळीव कळपांवर कॅरेन मॅकोम्ब यांनी पुढे सिद्ध केले की केवळ गर्जना ऐकविल्या तरी माद्या लवकर माजावर येतात. म्हणजे त्या आवाजाला श्रोते दोन्ही बाजूंचे आहेत.

गर्जनांनी निकाल लागला नाही, तर दोन नर काही पावलांच्या अंतरावर एकमेकांना समांतर चालू लागतात, कुरणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, ताठ पायांनी, नजर किंचित वळवून, आणि पुन्हा परत. ही चाल मी खूप वेळ पाहिली आणि तिच्यात जे गांभीर्य आहे ते कोणत्याही दरबारी शिष्टाचाराहून उणे नाही. कोणीच माघार घेतली नाही, तर त्यांतला एक अचानक वळतो, मस्तक खाली घालतो, आणि शिंगांत शिंगे अडकतात. शिंगांच्या टोकांचे एक प्रयोजन तेव्हा कळते: ती प्रतिपक्षाची शिंगे पकडून धरतात, म्हणजे रेटारेटी बळाची राहते. ज्याचा पाय घसरतो त्याच्या बरगडीत मात्र टोक शिरू शकते. किलमोरीच्या नोंदींत दर हंगामी प्रौढ नरांपैकी सुमारे एक चतुर्थांश कोठेतरी जायबंदी होतात, आणि काहींना कायमचे अपंगत्व येते. महिनाभरात नर आपल्या वजनाचा पाचवा हिस्सा गमावू शकतो. अशा रिकाम्या देहाने तो हिवाळ्यात शिरतो, आणि पुष्कळांना तो हिवाळा पुरा होत नाही.

बिनशिंगाचे

शिंगाविना जन्मभर राहणारे नरही स्कॉटलंडच्या डोंगरांत असतात. त्यांना तिथले लोक हमल म्हणतात. हमल अंगाने भारी असतो आणि माजाच्या दिवसांत शिंगे असलेल्या नरांनाही कधीकधी हटवितो, असा शिकारखान्यांतील जुन्या माणसांचा अनुभव. हा दोष पिढीजात उतरेल या भयाने त्याला दिसताक्षणी गोळी घालण्याचा रिवाज होता. शास्त्रज्ञांनी हमलांपासून पैदास करून पाहिली, तर त्यांच्या पुत्रांना सर्वसाधारण शिंगे आली. इतकेच नव्हे, तर एका हमलाच्या कपाळावरील अर्धवट खुंटाला शस्त्राने इजा केली असता तेथून शिंग उगवले, असे लिंकन व जॉन फ्लेचर यांनी १९७६ साली प्रसिद्ध केले. बालपणी उपासमार झाली की खुंट पुरता वाढत नाही, एवढाच त्या दोषाचा उगम असावा, असे यावरून दिसते. कित्येक पिढ्यांच्या गोळ्या अशा रीतीने वाया गेल्या, याची मला हळहळ वाटते.

बंदूक थांबल्यानंतर

किलमोरीच्या खोऱ्यात हरणांना मारणे १९७०च्या दशकाच्या आरंभी बंद करण्यात आले. बेटावर लांडगा नाही. आता या खोऱ्यात बंदूकही उरली नव्हती. तेव्हा नरांची भरभराट व्हावी अशी अपेक्षा कोणीही केली असती. झाले ते निराळेच. माद्यांची संख्या दशकभरात दुपटीहून अधिक वाढली, आणि त्याबरोबर नर कमी होत गेले. माद्या कुरण अगदी बुडापासून कुरतडतात. तेवढ्या आखूड गवतावर मोठ्या देहाच्या नराचे पोट भरत नाही. वाढत्या वयाचे नर हिवाळ्यात अधिक मरू लागले, काही खोरे सोडून गेले, बाहेरचे येईनासे झाले, आणि गळालेल्या शिंगांचे वजन घटत गेले. मोठ्या शिंगांच्या नरांना अधिक अपत्ये होतात आणि शिंगांचा आकार वंशपरंपरेने उतरतो, या दोन्ही गोष्टी लुस्के क्रुक आणि सहकाऱ्यांनी येथल्याच आकड्यांवरून दाखविल्या. तरीही पिढ्या गेल्या आणि शिंगे मोठी झाली नाहीत, कारण चांगले पोसलेला नर एकाच वेळी मोठी शिंगेही वाढवितो आणि अधिक अपत्येही मिळवितो. श्रेय शिंगाचे वाटते, ते असते गवताचे.

गवताचा हा अधिकार अलीकडे तारखांतही उमटू लागला आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २८ वर्षांच्या नोंदी ताडून पाहिल्या, तर शिंगे गळणे, मखमल उतरणे, माज सुरू होणे आणि संपणे, माद्यांचे विणे, हे सारे ५ ते १२ दिवसांनी अलीकडे आलेले आढळले. पुढील एका अभ्यासाने माद्यांच्या विण्यातील या फरकाचा काही भाग आनुवंशिक बदलाचा आहे, असेही दाखविले. सूर्य आपल्या वेळेवरच उगवतो आणि मावळतो. परंतु उबदार झालेल्या वर्षांत वसंतातले गवत लवकर वाढते, आणि ज्याचा देह लवकर सावरतो तो नर शिंगेही लवकर टाकतो. म्हणूनच किलमोरीच्या माळावरून उचललेल्या शिंगाला तराजूवर ठेवताना ते केव्हा पडले ही नोंद वजनाइतकीच मोलाची ठरते. आणि ती तारीख नेमकी मिळावी एवढ्यासाठी, सबंध मार्च आणि एप्रिल, पाऊस असो वा गारा, तेथली माणसे रोज त्याच उतारांवर जाऊन कोणाच्या डोक्यावर आज काय उरले आहे, ते दुर्बिणीने मोजीत बसतात.